घर ओढायला कुणी आलं नाही

पुंता येकुल, बेटावरून
२४ मार्च २००३

प्रिय दोरालिसा,

लाँचवाल्याच्या हाती हे पत्र देतोय. सोमवारपर्यंत तुला पुएर्तो मोंतला मिळेल.

मी पोचलो. कसा पोचलो ते त्या लाँचवाल्यालाच विचार. चार तास उभा होतो. बसलं की उजव्या मांडीला विजारीचं कापड लागतं, आणि बाहेरच्या अंगानं, खिशापासून गुडघ्याच्या वर चार बोटांपर्यंत, नुसती आग होते. लोक सरकून जागा देत होते आणि मी आपला खांब धरून उभा. म्हातारी क्लोरिंदा सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "शहरात चार दिवस राहिला काय, लगेच ताठला!"

पोटाची तक्रार नाही. गाठ गेली. बेंबीजवळ एक आणि खाली दोन अशी तीन टिंबं तेवढी राहिलीत. एर्सिरानं ती बघितली आणि म्हणाली, "एवढ्यासाठी मी आठवडाभर एकटीनं बटाटे काढले?" काय सांगणार तिला? हर्निया जांघेत होता आणि आग मांडीत आहे, हे माझं मलाच कळत नाही. शुद्धीवर आल्या आल्या ती सुरू झाली. तू उशाशीच होतीस. मी ओरडलो तेव्हा माझा हात धरून म्हणालीस, भूल उतरली की जाईल. भूल उतरून बारा दिवस झाले, दोरा.

डॉक्टर रेतामालना एकदा नीट विचार. मी जुन्या पद्धतीनं पोट कापून घ्यायला तयार होतो. तूच मागे लागलीस की आमच्या क्लिनिकमध्ये दुर्बिणीचं नवं यंत्र आलंय, दोन आठवड्यांत ओंडके उचलशील. तुझ्या शब्दावर आलो.

घाई का, ते तुला ठाऊक आहे. आलादिनोच्या घरापुढचा कडा यंदा आणखी ढासळला. त्याच्या पायरीपासून समुद्र आता नऊ पावलांवर आहे. जूनमध्ये हिवाळा लागायच्या आत ते लाकडी घर आहे तसं ओढत टेकडीवर न्यायलाच हवं. सगळ्या बेटानं मिळून घर ओढायची मिंगा सव्वीस एप्रिलला ठरली आहे. चाळीस माणसं, बारा जोड्या बैल, आणि हाका द्यायला मी. वीस वर्षांत या बेटावरचं एकही घर माझ्या हाकेशिवाय जागचं हललेलं नाही. हर्निया तरी कशानं झाला? दुसऱ्यांची घरं ओढूनच. आलादिनो माझ्या पोराचा, तोमासचा, बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून माझा कोंपाद्रे. त्याच्या घराला मी नसेन तर कुणाच्या असेन?

लवकर उत्तर दे.

तुझा भाऊ,
बाउदिलिओ

*

पुएर्तो मोंत
२ एप्रिल

प्रिय बाउदिलिओ,

तुझं पत्र मिळालं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ऑपरेशननंतर थोडी सूज असते, नस चिडते, सहा आठवड्यांत सगळं शांत होतं. सोबत गोळ्या पाठवते आहे, सकाळ-संध्याकाळ एकेक घे. तुझं ऑपरेशन अगदी पुस्तकात छापण्यासारखं झालं, असं ते सगळ्यांना सांगतात.

सारखं सारखं मांडीकडे बघत बसू नकोस. दुखण्याला जितकी किंमत द्यावी तितकं ते डोक्यावर बसतं. आपल्या बाबांनी तुटलेल्या बोटानिशी लाकडी कौलं तासली होती, आठवतं ना?

आणि एक सांगते, मनावर घे. कास्त्रो गावच्या सरकारी दवाखान्यात जाऊ नकोस. ते उगाच फोटो काढतील, नाही नाही ते सांगतील आणि तुझ्या कागदपत्रांचा घोळ होईल. जे काय असेल ते मला लिही.

माझं ठीक चाललंय. अठरा वर्षं दरवर्षी नवा करार करते आहे, आता मे महिन्यात कायम करतील असं दिसतंय. कागद डॉक्टर रेतामालच्या टेबलावर आहे. माझ्यासाठी चॅपेलमधल्या संताच्या पायाशी एक मेणबत्ती लाव.

एर्सिराला आणि तोमासला प्रेम.

दोरालिसा

*

पुंता येकुल
१३ एप्रिल

दोरालिसा,

मेणबत्ती लावली. गोळ्या संपल्या. फरक शून्य.

आता तुला हसू येईल असं एक सांगतो. मी घरात एर्सिराचा घागरा नेसतो. विजार सहन होत नाही, पांघरूण सहन होत नाही, दार उघडल्यावर वाऱ्याची झुळूक लागली तरी दात आवळावे लागतात. आणि गंमत म्हणजे त्याच जागी सुई टोचली तर कळत नाही. वरची कातडी मेलेली आणि आत निखारे. परवा नेल्सन नाउएलकिन खिळे मागायला आला, मला घागऱ्यात बघून उंबऱ्यावरच बसला आणि पोट धरधरून हसला. आता अख्ख्या बेटावर मी 'दोन्या बाउदिलिया', म्हणजे बाउदिलियाबाई, झालोय. हसू दे. पण त्यांचा विश्वास बसत नाही याचं फार लागतं गं. एखाद्याला कुऱ्हाड लागली तर जखम दिसते. मी काय दाखवू? तीन टिंबं? ते म्हणतात, याला मिंगा टाळायची आहे. मला! ज्यानं त्यांच्या प्रत्येकाचं घर ओढलंय त्याला!

काल क्लोरिंदा आली होती. तिनं मांडीवर हात फिरवला, कोळशाचा धूर दिला आणि म्हणाली, "डॉक्टरनं काही बिघडवलं नसेल तर ही करणी आहे. आणि करणी लांबचा माणूस करत नाही."

मी तिला हाकलून दिलं. पण ते डोक्यातून जाईना. मी ऑपरेशनला निघालो त्याच्या आदल्या दिवशी आम्ही आलादिनोच्या शेतात बटाटे काढत होतो. मी सांगितल्यावर तो चिडला. म्हणाला, "मिंगा तोंडावर आलीये आणि तुम्ही पोट फाडून घ्यायला निघालात, कोंपाद्रे? बघा हं, उद्या पाय उचलता आला नाही तर मला सांगायला येऊ नका!" आणि थाप मारली. उजव्या मांडीवर. तेव्हा मी हसलो होतो.

मला असं काही वाटून घ्यायचं नाही. तीस वर्षांची सोबत आहे ती. म्हणून तुला सरळ विचारतो, तूही सरळ सांग. तू त्या खोलीत होतीस. तुझ्या हातात हत्यारं होती. ऑपरेशनमध्ये काही चुकलं का? चुकलं असेल तर माझी काही तक्रार नाही, माणसाच्या हातून होतं. पण काही झालं नाही असं तू म्हणालीस, तर मग कुठे बघायचं ते मला कळेल.

बाउदिलिओ

*

पुएर्तो मोंत
१९ एप्रिल

बाउदिलिओ,

काय हे खुळ्यासारखं? एकविसावं शतक लागलं आणि तू धुराच्या गोष्टी लिहितोस. क्लोरिंदाला आपल्या आईनंही कधी दारात उभं केलं नव्हतं.

विचारलंस म्हणून सांगते. मी तिथे होते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत होते. काही चुकलं नाही. देवाशपथ काही झालं नाही.

आलादिनो चांगला माणूस आहे. उगाच कुणाविषयी मनात काही आणू नकोस. विश्रांती घे. मिंगेला यंदा दुसऱ्या कुणाला हाका देऊ देत, तू आपला खुर्चीवर बसून बघ.

मला इथे फार काम आहे. पत्र लहान आहे म्हणून रागावू नकोस.

दोरालिसा

*

पुंता येकुल
४ मे

दोरालिसा,

तू शपथ घेतलीस, बरं झालं. माझा जीव दोन्हीकडे ओढला जात होता, तो एकीकडे लागला.

तुझं पत्र सव्वीसच्या तीन दिवस आधी आलं. शुक्रवारी संध्याकाळी चॅपेलमध्ये सगळे जमतात. प्रार्थना झाल्यावर मी ओट्यावर उभा राहिलो, घागऱ्यातच, आणि बोललो. मिंगेला मी येणार नाही. माझ्या पायाला काय झालंय ते डॉक्टरला सापडलं नाही, कारण ते डॉक्टरच्या हातचं नाही. माझी सख्खी बहीण तिथे उभी होती, तिनं शपथेवर लिहिलंय. मग मी आलादिनो बटाट्याच्या शेतात जे बोलला ते जसंच्या तसं सांगितलं. थापेसकट. तो पुढच्याच बाकावर बसला होता. कुणी हसलं नाही. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

सव्वीसला सहा माणसं आली. सहा! त्यातले दोघे त्याचे जावई. बैलांच्या तीन जोड्या. बाकी सगळे कडीकोयंडा लावून घरात बसले. करणी करणाऱ्याच्या दोराला कोण हात लावणार? त्याच्या बायकोनं शंभर माणसांचा कुरांतो लावला होता. शिंपले, डुकराचं मांस, बटाट्याचे मिल्काओ, सगळं खड्ड्यात शिजत होतं आणि त्याची वाफ मला खिडकीतून दिसत होती. चूल काढलेली, खिडक्यांच्या काचा काढलेल्या, घर ओंडक्यांवर चढवलेलं. हाका त्यानं स्वतः दिल्या. त्याला जमत नाही ते. बैल एकीकडे गेले, माणसं दुसरीकडे. घर दोन वीत सरकलं आणि एका अंगाला कललं. दुपारी सगळं थांबलं.

संध्याकाळी तो आमच्या कुंपणापाशी आला. टोपी हातात होती. "कोंपाद्रे," तो म्हणाला, "मी तुमचं काय केलं?"

मी खिडकी लावून घेतली.

आता म्हणशील, मग तुझं मन शांत झालं का? नाही झालं. पाय तसाच आहे. क्लोरिंदा म्हणते, करणी करणाऱ्याचं वाईट झालं की करणी उतरते. वाट बघतोय.

बाउदिलिओ

*

पुंता येकुल
१ जून

दोरालिसा,

तुमचा भाऊ लिहीत नाही म्हणून मी लिहिते. महिना झाला, तुमचं पत्र नाही.

रेडिओवर ऐकलं असेल. बुधवारी वादळ आलं. आलादिनोच्या पायरीखालचा कडा दुपारी गेला आणि थोड्या वेळानं घर गेलं. कललेलं होतंच. माणसं आधीच बाहेर पडली होती, देवाची कृपा. स्वयंपाकघर अख्खंच्या अख्खं खाडीत तरंगत होतं, दोन दिवस. आम्ही सगळ्यांनी किनाऱ्यावर उभं राहून बघितलं. त्याची बायको मुलीकडे कास्त्रोला गेली. तो शाळेच्या सरपणाच्या खोलीत राहतोय. त्याच्याशी कुणी बोलत नाही. बोलायची लाज वाटते म्हणून की भीती वाटते म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

मी फार शिकलेली नाही. पण मला एक विचारायचंय. करणी असती तर त्या माणसाचं इतकं वाटोळं झाल्यावर ती उतरायला हवी होती ना? क्लोरिंदालाही मी हेच विचारलं, तशी ती शाल ओढून उठून गेली. तुमच्या भावाचा पाय आजही तसाच पेटलेला आहे. सुतारकाम बंद, बोटीत बसणं बंद. मी त्याच्या शेजारी झोपत नाही, माझ्या पायाचा धक्का लागेल म्हणून.

मग ती आग कशाची आहे? तुम्ही तिथे होतात.

एर्सिरा

*

पुएर्तो मोंत
१७ जून

बाउदिलिओ,

हे पत्र पाच वेळा फाडलंय. आज फाडत नाही.

तुझ्या हर्नियाच्या भोकावर आतून एक जाळी बसवतात. ती जागची हलू नये म्हणून फिरकीचे बारीक खिळे मारतात. एक लांब पिस्तुलासारखं हत्यार असतं, ते मीच डॉक्टरांच्या हातात देते. जांघेत आतून एक पट्टा असतो. त्याच्या वर खिळे मारायचे. त्याच्या खाली, बाहेरच्या अंगाला, मारायचे नाहीत, कारण तिथून मांडीची नस जाते. हे यंत्र आलं तेव्हा आम्हाला चित्र काढून शिकवलं होतं. डॉक्टरांनी जाळी लावली, ती खाली थोडी दुमडत होती. ते म्हणाले, "अजून दोन, म्हणजे निवांत." ओल्गाताई, आमच्या जुन्या नर्स, म्हणाल्या, "तिथे नको, डॉक्टर." त्यांनी मारले. मी पडद्यावर बघत होते. मी काही बोलले नाही.

तू शुद्धीवर येताच ओरडलास आणि मांडी धरलीस, तेव्हा मला त्याच क्षणी कळलं. त्यांनाही कळलं. ओल्गाताई म्हणाल्या, आजच परत आत जाऊन काढून टाका. पहिल्या काही दिवसांत खिळा काढला तर नस बहुतेक सावरते. डॉक्टर म्हणाले, नव्या यंत्रावरची सातवी केस आहे, परत उघडली तर उद्या कुणी येणार नाही. होईल बरं आपोआप. नोंदीत त्यांनी 'कोणतीही अडचण नाही' असं लिहिलं. खाली माझी सही आहे.

मला वाटलं होतं खरंच बरं होईल. नंतर वाटलं, मेपर्यंत गप्प बसू. तू आलादिनोबद्दल लिहिलंस तेव्हा मी खरं लिहायला बसले होते, देवाशपथ. मग माझ्या नोकरीचा तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर असलेला दिसला. मला वाटलं, बेटावरची भांडणं आहेत, मिटतील. घर जाईल असं कुणाला वाटलं होतं?

अजून उपाय आहे. साऱ्या आशा सोडू नकोस. इंजेक्शनं असतात, सान्तियागोला एक डॉक्टर अशा नसा सोडवतो. पूर्ण जाईल असं मी सांगू शकत नाही. तीन महिने झालेत.

पंधरा मेला मला कायम केलं.

हे पत्र कुणाला दाखवू नकोस. माझी नोकरीच काय, माझं लायसन्स जाईल. तुझ्या पाया पडते. मला माफ कर.

दोरालिसा

*

पुंता येकुल
२ जुलै

दोरालिसा,

तुझं पत्र मिळालं. मी नवव्या वर्षापासून खिळे मारतोय. चुकीच्या जागी खिळा गेला तर लाकूड चिरकतं, ते कानाला कळतं, आणि तो त्याच वेळी काढायचा असतो. आठवडाभरानं लाकूड त्याला धरून बसतं. एवढं तर तुला लहानपणी बाबांच्या कारखान्यात झाडू मारतानाही कळत होतं. तुझ्या डॉक्टरला मी एका वाक्यात माफ केलं असतं. मी तसं तुला लिहिलंही होतं, बघ. माणसाच्या हातून होतं, असं. तुला एका ओळीचं उत्तर द्यायचं होतं. तू शपथ घेतलीस.

आणि मे महिना उलटल्यावर तुला कंठ फुटला, हे काही माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

पण मी तुला शिव्या द्यायला बसलेलो नाही. काय झालं ते सांगतो.

काल शाळेकडे गेलो. अर्धा मैल अंतर, मला एक तास लागला. आलादिनो लाकडाच्या ढिगापाशी मोळ्या बांधत होता. बराच वाळलाय. मला बघून उठला, आणि काय केलं माहीत आहे? आतून एक उंच स्टूल आणलं, पाठ नसलेलं, आणि एका कडेला ठेवलं, म्हणजे माझी मांडी कशाला घासणार नाही. "इथे टेका, कोंपाद्रे," म्हणाला. माझ्या बायकोशिवाय या बेटावर एवढा विचार कुणी केला नव्हता.

मला बसवेना. उभ्यानंच बोललो. म्हटलं, "ते तुम्ही केलेलं नव्हतं. मला आता नक्की कळलंय."

तो स्टुलाला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "मी नव्हतो ना? खरंच नव्हतो?"

मला वाटलं होतं तो ओरडेल, मोळीतलं लाकूड घेऊन अंगावर येईल. मी त्यासाठीच गेलो होतो. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. म्हणाला, "त्या दिवशी बटाट्याच्या शेतात मला तुमचा फार राग आला होता, कोंपाद्रे. एकदा मनात आलं होतं, मोडू दे याचा पाय, मग कळेल. एकदाच आलं. तुम्ही चॅपेलमध्ये बोललात आणि मला वाटलं, माझ्याही नकळत माझ्यातूनच काहीतरी गेलं असणार. म्हणून तर मी परत विचारायला आलो नाही. घर गेलं तेव्हा वाटलं, चला, फिटलं. आता तरी तुमचा पाय बरा होईल. रोज लाँचवाल्याला विचारतो, बाउदिलिओ बसला का बोटीत?"

दोरा, दोन महिने हा माणूस स्वतःला चेटक्या समजत राहिला. घर गेल्याचं दुःखसुद्धा त्यानं केलं नाही, कारण त्याला ती शिक्षा वाटत होती.

मी म्हटलं, "नाही. तुमच्यातून काही गेलं नाही. तुमचा काही संबंध नव्हता."

त्यानं तोंड पुसलं. वर बघितलं. आणि अगदी साधेपणानं, काल कुणाचं कोकरू हरवलं असं विचारावं तसं, त्यानं विचारलं, "मग कुणी केलं हो हे?"

शाळा सुटली होती. नेल्सन त्याच्या पोरीला न्यायला आला होता, क्लोरिंदा लाकडं घ्यायला आली होती, आणखी चार-पाच जण होते. सगळे थांबून ऐकत होते. तुझं पत्र माझ्या खिशात होतं, ते मी बाहेर काढलं नाही. चॅपेलच्या ओट्यावर कोण उभं राहिलं होतं, घरोघरची दारं कुणी लावून घ्यायला लावली, खिडकी कुणी बंद केली, हे मला ठाऊक होतं. 'मी' एवढंच म्हणायचं होतं.

मी तुझं नाव सांगितलं.

बाउदिलिओ